अक्कलदाढ आणि मोहरीचं पुस्तक

"कुठे दुखतंय?" डॉक्टर मोरिशितांनी विचारलं.

माझ्या उघड्या तोंडात एक आरसा, एक नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं होती, त्यामुळे उत्तर द्यायला मला थोडा वेळ मिळाला. त्या वेळेची मला फार गरज होती, कारण मला कुठेच दुखत नव्हतं. मंगळवारी मी वरची डावीकडची दाढ दाखवली होती, त्याआधीच्या शुक्रवारी खालची. एकच दात लागोपाठ दोनदा दाखवला तर डॉक्टर खोलात शिरतील, म्हणून मी बोट फिरवत फिरवत आणलं आणि समोरच्या सुळ्यावर टेकवलं.

"आँ," मी म्हटलं.

डॉक्टरांनी सुळ्यावर टकटक केलं. "इथे?"

"आँ."

त्यांनी मान हलवली आणि जपानीत काहीतरी लांबलचक सांगितलं. मी "हाय" म्हटलं. हाय म्हणजे हो. मला येणाऱ्या तीन जपानी शब्दांपैकी तो एक. मग त्यांनी नेहमीप्रमाणे एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून माझ्या हातात दिल्या. त्यांच्या सहायक ताकाको-सान बाजूला उभ्या राहून माझ्या कार्डावर नोंद करत होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, ओठ कायम मिटलेले. त्यांच्याकडे पाहिलं की मला आमच्या इचलकरंजीच्या शाळेतल्या गणिताच्या बाई आठवायच्या आणि घाम फुटायचा.

माझं सगळं लक्ष बाहेर होतं. बाहेर, वाट पाहण्याच्या खोलीत, पिवळ्या पुठ्ठ्याच्या एका जाडजूड इंग्रजी कादंबरीच्या दोनशे बाराव्या पानावर एक कॅप्टन जेवणाच्या टेबलाशी मोहरीची बरणी उचलून ओरडला होता, "हात लावू नका! हिच्यात विष आहे!" आणि नेमकं तेव्हाच ताकाको-साननी माझं नाव पुकारलं होतं.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यातली. आमचे हे, म्हणजे भूपाल मगदूम, मागाच्या यंत्रांचे इंजिनिअर. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात मागांचा कारखाना होता, तिथे ह्यांना दोन वर्षांसाठी पाठवलं होतं. मी सत्तावीस वर्षांची, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, आणि वाचायला नसलं तर भडंगाच्या पुडीचा कागद उलगडून वाचणारी. निघताना बॅगेचं वजन ठरलेलं. सासूबाईंनी त्यात मेतकूट, भडंग, डिंकाचे लाडू असं सगळं भरलं. पुस्तकांसाठी उरली एवढीशी फट. त्यात दोन पुस्तकं बसली. एक लोणच्यांचं आणि एक गर्भसंस्कारांचं. दुसरं सासूबाईंनीच घातलेलं.

लोणच्यांचं पुस्तक मी नऊ वेळा वाचलं. मग गावाच्या वाचनालयात गेले आणि खुणा करकरून सांगितलं, इंग्रजी पुस्तक हवंय. तिथल्या बाई आनंदाने आत पळाल्या आणि पदराखालून बाळ आणावं तशा जपून एक ग्रंथ घेऊन आल्या. तो शब्दकोश होता. मी तो 'सी' अक्षरापर्यंत वाचला. स्टेशनजवळच्या दुकानात फक्त परीक्षेची गाइडं. मोठं शहर रेल्वेने अडीच तास लांब, आणि डिसेंबरात बर्फ पडायला लागला की ती रेल्वेसुद्धा मनाला येईल तेव्हा धावायची.

जानेवारीत ह्यांनी सासूबाईंचा डिंकाचा लाडू फोडायचा प्रयत्न केला. थंडीने त्याचा धोंडा झाला होता. लाडू शाबूत राहिला आणि ह्यांच्या दाताचा टवका उडाला. असे आम्ही डॉक्टर मोरिशितांकडे पोहोचलो, आणि ह्यांना आत नेल्यावर मी मान वर केली तर समोर भिंतभर इंग्रजी कादंबऱ्या!

माझ्या तोंडून मोठ्याने "अगं बाई!" निघालं. बाकावरच्या दोन जपानी आज्यांनी मला वाकून नमस्कार केला.

मी हाताला येईल ते ओढलं. ते पिवळं पुस्तक. आठशे बारा पानं. मोहरीचा कारखाना असलेलं एक घराणं, म्हाताऱ्या बापाने मृत्युपत्र लपवून ठेवलेलं, तीन बहिणी, त्यातली थोरली ऑगस्टा महाखट. अकरा पानं झाली आणि हे गालावर हात धरून बाहेर आले.

"अहो," मी म्हटलं, "ही पुस्तकं घरी न्यायला देतील का हो?"

फडताळाच्या वर एक पाटी होती. सुंदर, काळ्या शाईने, कुंचल्याने लिहिलेली. ह्यांनी पाटीपुढे उभं राहून डोळे बारीक केले. ह्यांनी पुण्याला जपानीचा वर्ग केला होता, त्यामुळे आमच्या घरात जपानी हे ह्यांचं खातं होतं. गावातली प्रत्येक पाटी मी ह्यांना विचारायची आणि हे सांगायचे. एकदा पोस्ट ऑफिस म्हणून आम्ही जिथे शिरलो ते सार्वजनिक स्नानगृह निघालं. तेव्हा हे म्हणाले होते, "पोस्ट नुकतंच हललेलं दिसतंय."

"पुस्तकं," ह्यांनी सुजलेल्या गालाने वाचलं, "बाहेर... नेऊ... नयेत. कृपया."

"विचारून तर बघा."

"अगं, इथे नियम म्हणजे नियम. लिहिलेलं असताना विचारणं म्हणजे उद्धटपणा. कारखान्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

मी ऑगस्टाला फडताळात ठेवलं. रात्रभर मृत्युपत्र कुठे असेल याचा विचार केला, आणि सकाळी उठून ह्यांना म्हटलं, "अहो, माझा दात ठणकतोय."

पहिल्याच भेटीत एक अडचण कळली. आपल्याकडे डॉक्टरकडे गेलं की दोन तास कुठे जात नाहीत. इथे साडेदहा म्हणजे साडेदहा. मी दहाला जाऊन बसले. पुढच्या वेळी साडेनऊला गेले, तर ताकाको-साननी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी बूट न काढता परत निघाले. एवढ्या लवकर जायचं नाही आणि वेळेवर गेलं तर चार मिनिटांत नंबर. चार मिनिटांत इंग्रजी कादंबरी काय वाचणार? माझं इंग्रजी तरी कुठे एवढं धावतं!

मग मला युक्ती सुचली. ताकाको-साननी "मागुदोमु-सान", म्हणजे मगदूमबाई, अशी हाक मारली की मी उठायची, शेजारच्या आजींकडे वळायची, दोन्ही हात पुढे करून म्हणायची, "दोझो." दोझो म्हणजे 'घ्या ना, या ना, तुम्ही आधी.' माझा दुसरा जपानी शब्द. तिसरा आरिगातो, आभाराचा.

पहिल्या दिवशी निशिमुरा-आजी घाबरल्या. त्या चौऱ्याऐंशीच्या होत्या आणि नुसती कवळी घासून घ्यायला आल्या होत्या. त्या उठून वाकल्या आणि म्हणाल्या, "छे छे, दोझो." मी आणखी वाकले. "दोझो." त्या आणखी वाकल्या. मी तरुण असल्यामुळे जास्त वाकू शकले आणि जिंकले. आजी आत गेल्या. मला सतरा पानं मिळाली. त्यानंतर आलेल्या भाजीवाल्या बाईंनाही मी पुढे सोडलं. आणखी चौदा.

महिन्याभरात मी गावात गाजले. भारतातून एक बाई आलीय, दात एवढे दुखतात पण म्हाताऱ्या माणसांना आधी सोडते! दुकानात लोक मला वाकून नमस्कार करायला लागले. एकदा एका गृहस्थांनी आपल्या सुनेला रस्त्यात थांबवून मला दाखवलं, हे मला स्वतःला दिसलं. ह्यांच्या कारखान्यात साहेबांनी ह्यांचं अभिनंदन केलं. मोरिशितांच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी गर्दी होऊ लागली, आणि गर्दी जितकी जास्त तितके माझे दोझो जास्त. एका शुक्रवारी मी नऊ जणांना पुढे सोडलं आणि एका बैठकीत ऑगस्टाचं लग्न मोडून तिला स्कॉटलंडला पोहोचवलं.

एकच गोष्ट मला खटकायची. ताकाको-सान मला बघत असायच्या. काम करता करता थांबून बघायच्या. फेब्रुवारीत एक दिवस त्यांनी काही न बोलता माझ्या गुडघ्यांवर लोकरीचं पांघरूण टाकलं आणि स्टोव्ह ओढून माझ्याजवळ आणला. मला वाटलं, पकडले गेले.

मार्चच्या शेवटी बर्फ वितळायला लागला आणि मी सहाशे एक्केचाळीसाव्या पानावर पोहोचले. कॅप्टनवर खटला उभा राहिला होता. त्या दिवशी डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं, पण तोंड उघडायला सांगितलं नाही. समोर स्टूल ओढून बसले. त्यांना इंग्रजी थोडं यायचं, एकेक शब्द चिमट्याने उचलून ठेवल्यासारखं बोलायचे. त्या दिवशी त्यांनी वाक्यं आधी लिहून आणली होती.

"मागुदोमु-सान. मी चिंतेत आहे. आपण मला अकरा दात दाखवले. अकराही उत्तम आहेत. मी एकतीस वर्षं काम करतो. असं दुखणं पाहिलं नाही. मी विद्यापीठातल्या माझ्या गुरुजींना पत्र लिहिलं आहे. ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. ते स्वतः येतील."

माझं तोंड आपोआप उघडलं.

तेवढ्यावर भागलं नाही. डॉक्टरांनी कारखान्यात फोन केला होता आणि तिथल्या मोडकं इंग्रजी बोलणाऱ्या एका कारकुनाने ह्यांना सगळं समजावलं होतं. घरी आले तर हे स्वयंपाकघरात उभे, हातात डाव, आणि पातेल्यात काहीतरी पांढरं रटरटत होतं.

"मऊभात केलाय तुला," हे म्हणाले. लग्नाला चार वर्षं झाली होती, ह्यांनी कधी स्वतःचा पेला विसळला नव्हता. "तू चावू नकोस काही. बस."

"अहो, एवढं काही..."

"एवढं काही नाही? सत्त्याहत्तर वर्षांचा म्हातारा प्रोफेसर रेल्वेने येतोय तुझ्यासाठी! मी ठरवलंय, पद्मा. तू इचलकरंजीला जायचंस. वीस तारखेचं तिकीट बघायला सांगितलंय. आईला कळवलंय मी."

"आईंना कशाला कळवलंत?"

"ती देवाला नवस बोललीय."

मी मऊभात गिळला. मीठ नव्हतं. समोर बसून हे माझा प्रत्येक घास घशाखाली उतरताना बघत होते, आणि त्यांनी स्वतः काही घेतलं नव्हतं. एवढं मला कशाचंच वाईट वाटलं नसेल. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण काय सांगणार? की एका कॅप्टनने मोहरीत विष घातलं की नाही हे बघायला मी तीन महिने खोटं बोलतेय, तुमचा मऊभात, तुमचे साहेब, तुमच्या आईचा नवस, सगळं त्यापायी? माझी जीभ रेटेना.

चार दिवस मी डोकं चालवलं, आणि शुक्रवारी सकाळी उत्तर सापडलं. एक दात द्यायचा. खराखुरा, उपटून. दात गेला की दुखणं गेलं. प्रोफेसर घरी राहतील, तिकीट रद्द होईल, नवस फिटेल. शिवाय दात काढल्यावर जखम दाखवायला चार-पाच वेळा तरी बोलावतील, आणि पानं उरली होती एकशे एकाहत्तर! दिसायला नको म्हणून अगदी शेवटची, खालच्या उजवीकडची अक्कलदाढ देऊन टाकायचं ठरवलं. तिचा मला तसाही काही उपयोग झालेला दिसत नव्हता.

खुर्चीत बसले, आ केला, आणि बोट जाईल तितकं आत घालून दाखवलं. "इथे. फार. काढा."

डॉक्टर वाकले. आरसा आत गेला. आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला, जसा दिवाळीत आपल्याकडे बाळगोपाळांचा उजळतो. त्यांनी ताकाको-सानना हाक मारली, त्याही वाकून बघायला आल्या, आणि दोघांनी एकमेकांना चक्क नमस्कार केला.

"अखेर!" डॉक्टर म्हणाले.

अखेर कसलं, हे विचारायच्या आत सुई टोचली होती.

"दहा मिनिटं," ते म्हणाले. गाल बधिर होईपर्यंत थांबायचं होतं. मी छताकडे बघत होते. ताकाको-सान बाहेर गेल्या, परत आल्या आणि माझ्या मांडीवर काहीतरी जड ठेवलं. पिवळं पुस्तक. आत खूण म्हणून मी घातलेला कॅलेंडरचा कागद, जिथल्या तिथे.

"दोझो," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी स्टूल जवळ घेतलं. "कुठलं पान?"

खोटं बोलायला मला निम्मंच तोंड उरलं होतं. "फहाफे एक्केचाळीफ," मी इंग्रजीत म्हटलं, म्हणजे त्याचं इंग्रजीत जे काय झालं असेल ते.

"छान पुस्तक?"

"फार."

"मग," त्यांनी अगदी हळू विचारलं, "घरी का नेत नाही?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग उघड्या दारातून बाहेर, फडताळावरच्या पाटीकडे बोट केलं. "नियम."

डॉक्टरांनी पाटीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. उठून बाहेर गेले, बाकावर चढून पाटी काढली आणि ती छातीशी धरून माझ्यासमोर उभे राहिले. एकेका अक्षराखाली बोट ठेवून त्यांनी मला इंग्रजीत अर्थ सांगितला.

"कृपया. आवडेल. ते. पुस्तक. घरी. घेऊन. जा."



"माझे थोरले बंधू जहाजावर होते," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक बंदरातून पुस्तकं पाठवत. आता ते गोल्फ खेळतात. मला म्हणाले, टाकून दे. पुस्तकं कशी टाकायची? मी पाटी लिहिली. सहा वर्षं झाली. एकही कमी झालं नाही." मग त्यांनी पाटीच्या सुरुवातीच्या अक्षरांवर बोट टेकवलं. "हा पहिला शब्द. आपण इथे दिवसभर हाच म्हणता."

"कुठला?"

"दोझो."

तेव्हा एक विचित्र आवाज आला. उकळत्या किटलीचं झाकण हलावं तसा. बघते तर ताकाको-सान औषधांच्या कपाटाला टेकून हळूहळू खाली सरकत होत्या, दोन्ही हात तोंडावर. त्या हसत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बाहेरच्या आज्या काय झालं म्हणून दाराशी गोळा झाल्या, त्यांना डॉक्टरांनी सांगितलं, आणि निशिमुरा-आजींची नुकतीच घासलेली कवळी हसता हसता बाहेर आली.

"पाटी कोणी वाचली?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"माझ्या यजमानांनी."

"ते इंजिनिअर आहेत."

"हो."

"यंत्रं लावतात."

"हो."

डॉक्टरांनी पाटी खाली ठेवली. "यंत्रं चालतात का?" त्यांनी काळजीने विचारलं.

मग मी सगळं कबूल केलं. दुखणं नव्हतं, कधीच नव्हतं, फक्त पुस्तक होतं. बधिर जिभेने, तुटक्या इंग्रजीत, रडत. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "ताकाको-सान म्हणायच्या, हिचं घर थंड असेल, माणसं नसतील, म्हणून इथे येऊन बसते. बसू दे. मीही म्हटलं, बसू दे. मी नुसते दात पुसून पाठवत होतो. गुरुजींना मात्र खरंच लिहिलं. अकराव्या दाताला मी घाबरलो."

"मग आता ही दाढ राहू द्या," मी म्हटलं.

"छे! ती किडली आहे. पूर्ण. पहिल्या दिवसापासून सांगतोय. आपण 'हाय' म्हणता आणि दुसराच दात दाखवता. प्रत्येक वेळी चिठ्ठी लिहून दिली. कृपया शेवटची दाढ लवकर काढून घ्यावी." मग त्यांनी विचारलं, "चिठ्ठ्या कोणी वाचल्या?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. ताकाको-सान पुन्हा खाली बसल्या होत्या. ह्यांनी मला प्रत्येक चिठ्ठी वाचून दाखवली होती. "लिहिलंय, रोज दोनदा घासा."

दाढ निघाली. दुपारी हे मला न्यायला धावत आले, तर मी तोंडात कापसाचा बोळा धरून बसले होते आणि माझ्यासमोर पुस्तकांची तीन खोकी होती.

"अफो!" मी सुरुवात केली. "तुम्फी... पाटी... तुम्फाला..."

"बोलू नकोस, बोलू नकोस," हे म्हणाले.

"चिथ्थी! फगळ्या चिथ्थ्या!"

"हो हो, चिठ्ठ्या जपून ठेवल्यात मी. शांत हो." आणि डॉक्टरांकडे वळून ह्यांनी वाकून म्हटलं, "आरिगातो." डॉक्टरही वाकले. आज्या वाकल्या. कोणी कोणाकडे बघेना, कारण बघितलं असतं तर परत सगळे फुटले असते. एवढं भांडण माझ्या पोटात होतं आणि ते बाहेर यायला तोंड नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच असं झालं असावं.

ह्यांनी तिन्ही खोकी तीन फेऱ्यांत घरी वाहून नेली. संध्याकाळी गाल परत जाग्यावर आला. मी ह्यांना समोर बसवलं, टेबलावर सगळ्या चिठ्ठ्या ओळीने मांडल्या आणि काय झालं ते सांगितलं. माझं खोटं आधी, मग ह्यांचं वाचन. एकदाही आवाज चढवला नाही. का कोण जाणे, चढेना.

ह्यांनी एक चिठ्ठी उचलली, उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाले, "मला एक अक्षर येत नाही, पद्मा."

"म्हणजे?"

"पुण्याचा वर्ग सहा आठवड्यांचा होता. मी चार दिवस गेलो. मग धाकट्या काकांकडचं लग्न निघालं."

"अहो, पण कारखान्यात? आठ महिने झाले!"

"माग सगळीकडे सारखाच असतो. हाताने दाखवतो. मीटिंगमध्ये सगळे मान हलवतात तेव्हा मी हलवतो. एकदा चुकून एकटाच हलवली तर मला रात्रपाळी लागली."

मला हसू यायला लागलं, पण ह्यांचा चेहरा बघून गिळलं. हे चिठ्ठीच्या कोपऱ्याला घडी घालत होते, उलगडत होते.

"मला तरी सांगायचं होतंत," मी म्हटलं.

"तू मुंबईच्या विमानतळावर माझ्याकडे बघत होतीस," हे म्हणाले. "तुझ्या हातात ती दोन पुस्तकं होती. म्हणालीस, तुम्हाला भाषा येते म्हणून मला भीती वाटत नाही. आता त्यानंतर कसं सांगायचं?"

मी उठून कुकर लावला. ह्यांनी मऊभातच मागितला. दोघांनी तोच खाल्ला, मीठ घालून.

पिवळं पुस्तक मी दोन दिवसांत संपवलं. मोहरीत विष नव्हतंच. कॅप्टनला मोहरी सोसत नव्हती, बस्. आठशे बारा पानं! मी ते ह्यांना सांगितलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "आणि आई नवस फेडायला बाहुबलीच्या डोंगरावर पायी जाऊन आली."

त्यानंतरच्या रविवारपासून ताकाको-साननी आम्हाला शिकवायला सुरुवात केली. दवाखान्याला सुट्टी असायची, त्याच खोलीत, त्याच बाकावर. मीच जाऊन विचारलं होतं. त्यांनी ओठ मिटूनच मान डोलावली, आणि पहिल्या दिवशी दोन वह्या, दोन पेन्सिली आणि लाकडाची एक पट्टी घेऊन हजर. पट्टी मारायची नव्हती, दाखवायची होती, पण ह्यांनी ती बघितल्याबरोबर पाय जवळ घेतले. पुढे या भाषेवरच माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. तीस वर्षं मी जपानी कागदांची मराठी-इंग्रजी भाषांतरं करून पोट भरलं, आणि ह्यांच्या कारखान्यातून सुद्धा शेवटी मलाच बोलवायचे. पण ते नंतरचं.

मे महिन्यातल्या एका रविवारी ताकाको-साननी आमची पहिली परीक्षा घेतली. दहा शब्द. त्या सांगणार, आम्ही लिहायचे. हे माझ्या उजवीकडे बसले होते. पाचव्या शब्दाला माझ्या कानाशी श्वास ऐकू यायला लागला. सहाव्याला ह्यांची मान लांब झाली. सातव्याला मी हात आडवा घातला, तर हे अगदी बारीक आवाजात, मराठीत म्हणाले, "अगं, जरा हात काढ ना. नवरा आहे मी तुझा."

ताकाको-सानना मराठी येत नव्हतं. तरी त्यांनी शब्द सांगायचे थांबवले, पट्टी उचलली आणि ह्यांना वही-पेन्सिलसकट उठवून दाराजवळ, चपलांच्या मांडणीशेजारी, एकट्याला नेऊन बसवलं. एकतीस वर्षांचा इंजिनिअर! ह्यांनी तिथून पेन्सिल चावत चावत माझ्याकडे पाहिलं, आणि मग खाली मान घालून, जीभ किंचित बाहेर काढून, स्वतःचं स्वतः लिहायला सुरुवात केली.